जीभ, हात, आई, जनुक: तोतरेपणाचा दोषी शोधण्याचा इतिहास

मागच्या लेखात मी लायसोसोमबद्दल लिहिलं होतं. थोडक्यात आठवण करून देते. लायसोसोम म्हणजे पेशीतली एक छोटी पिशवी, जिथे जुना, निकामी झालेला माल मोडून पुन्हा वापरात आणला जातो. हे मोडण्याचं काम करणारी विकरं तयार होतात दुसरीकडे आणि मग या पिशवीत पाठवली जातात. ती भलतीकडे जाऊ नयेत म्हणून पेशी त्यांच्यावर एक रासायनिक पत्ता चिकटवते, पोस्टाच्या पिनकोडसारखा. हा पत्ता चिकटवण्याच्या कामातल्या एका जनुकाचं नाव आहे जीएनपीटॅब.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी या जनुकाबद्दल हाताला लागेल ते वाचत होते. ते पूर्ण बिघडलं तर म्यूकोलिपिडोसिस नावाचा गंभीर आजार होतो, एवढं माहीत होतं. एका रात्री २०१० सालचा एक पेपर उघडला, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास केला होता. त्या कुटुंबातल्या अनेकांच्या जीएनपीटॅबमध्ये एक बारीकसा बदल सापडला होता. त्यांना म्यूकोलिपिडोसिस नव्हता. ते तोतरं बोलत होते.

तो पेपर मी तीनदा वाचला. विज्ञान कळलं नाही म्हणून नव्हे. मी स्वतः तोतरं बोलते म्हणून.

त्यानंतर तोतरेपणाबद्दल लोकांनी आजवर काय काय म्हणून ठेवलंय ते वाचायचा नादच लागला. आजचा लेख त्याच वाचनातून आलाय, त्यामुळे यात विज्ञान थोडं आणि इतिहास जास्त आहे. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत गेली. सिद्धांत बदलले, उपचार बदलले, पण बहुतेक काळ विचारला गेलेला प्रश्न एकच होता: हा दोष कुणाचा? आणि ज्याच्यावर बोट ठेवलं गेलं, त्याला त्याची किंमत मोजावी लागली.

आधी शब्द

बोबडा आणि तोतरा हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण ते एक नाहीत. बोबडं बोलणारं मूल 'र'ला 'ल' म्हणतं, आणि ते ऐकून घरातले सगळे खूश होतात. तोतरं बोलणाऱ्याला सगळे उच्चार येतात. कुठला शब्द बोलायचाय तेही नेमकं ठाऊक असतं. फक्त तो बाहेर येताना अडतो: पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, किंवा लांबत जातं, किंवा तोंड उघडं राहतं आणि आवाजच फुटत नाही. माझ्यासाठी सगळ्यात अवघड शब्द म्हणजे माझं स्वतःचं नाव. तोतरं बोलणाऱ्या बहुतेकांचा हाच अनुभव असतो, कारण नावाला पर्यायी शब्द नसतो. 'पाणी' अडलं तर 'प्यायला दे' म्हणता येतं. नाव अडलं तर काय म्हणणार?

आता मराठीतले वाक्प्रचार बघा. खोटं पकडलं गेलं की माणसाचं 'त-त-प-प' होतं. भीतीने 'बोबडी वळते'. उत्तर येत नसलं की विद्यार्थी 'चाचरतो'. म्हणजे वाणी अडखळली की त्यामागे खोटेपणा, भीती किंवा अज्ञान यातलं काहीतरी असणार, असं आपली भाषाच गृहीत धरते. चेकपोस्टवर हवालदाराने नाव विचारल्यावर मी अडखळले, तर त्याला संशय येतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याने लहानपणापासून हेच ऐकलंय.

आपल्या जुन्या वैद्यकात याचा विचार झाला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूक, मिन्मिन आणि गद्गद अशा तीन वाणीदोषांचा उल्लेख आहे. कफासह वायू शब्द वाहून नेणाऱ्या धमन्यांना अडवतो, असं कारण दिलंय. यातला 'गद्गद' म्हणजे अडखळत बोलणारा. पुढे आपण तो शब्द भावनेने कंठ दाटण्यासाठी ठेवला, आणि त्याचा जुना अर्थ विसरलो. हे कारण निदान शरीरातलं तरी आहे. पण त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात आणखी एक कारण येतं: गर्भवतीचे डोहाळे डावलले गेले किंवा गर्भात वायूचा प्रकोप झाला, तर मूल कुबडं, पांगळं, मुकं किंवा मिन्मिन होऊ शकतं. डोहाळे पुरवायची जबाबदारी घरच्यांची, हा त्यातला चांगला भाग. पण मुलाच्या वाणीचा धागा आईच्या पोटापर्यंत नेऊन बांधला गेला तो असा, आणि तो पुढे सुटला नाही.

पहिला आरोपी: जीभ

पाश्चात्त्य जगात बराच काळ जिभेवर संशय होता. डेमोस्थेनिस या अथेन्सच्या वक्त्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली असेल: तोंडात गारगोट्या घालून तो बोलण्याचा सराव करायचा. ही गोष्ट प्लूटार्कने त्याच्या चरित्रात सांगितली आहे, डेमोस्थेनिसनंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मला लहानपणी ही गोष्ट किमान वीस जणांनी सांगितली असेल. सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने लिहिलं की तोतऱ्या माणसाची जीभ थंड आणि जड असते, थोडी वाईन घेतल्यावर ती मोकळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये इटार या डॉक्टरने जिभेखाली बसवायचा धातूचा छोटा काटा तयार केला. आपल्याकडेही उपाय जिभेवरच असायचे. वेखंड उगाळून चाटवणं, अक्कलकारा जिभेवर चोळणं. वेखंडाचं संस्कृत नावच मुळी 'वचा'. हे सगळं मी चाखलेलं आहे. अक्कलकाऱ्याने जिभेला मुंग्या येतात, बाकी काही होत नाही.

हे उपाय निदान निरुपद्रवी होते. १८४१ साली जे झालं, ते नव्हतं.

योहान फ्रीडरिख डीफेनबाख हा बर्लिनचा नामवंत शल्यविशारद. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. १८३९ मध्ये त्याने डोळ्याचा स्नायू कापून तिरळेपणा दुरुस्त करून दाखवला, आणि युरोपभर त्याचा गाजावाजा झाला. त्यावरून त्याने पुढचा तर्क केला. तिरळेपणा जर स्नायूच्या आकडीमुळे होत असेल आणि स्नायू कापल्यावर सुटत असेल, तर तोतरेपणाही वाणीच्या अवयवांची आकडीच नाही का? मग जिभेचे स्नायू कापून बघू.

जानेवारी १८४१ मध्ये त्याने एका १३ वर्षांच्या मुलावर पहिली शस्त्रक्रिया केली. जिभेच्या मुळाशी आडवा छेद. नंतरच्या काही रुग्णांमध्ये तर त्याने जिभेच्या मुळातून पाचरीच्या आकाराचा तुकडाच काढला. भुलीसाठी ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनमध्ये झाला तो ऑक्टोबर १८४६ मध्ये. म्हणजे हे सगळं रुग्ण पूर्ण शुद्धीत असताना चाललं होतं. डीफेनबाखने त्याच वर्षी यावर पुस्तिका काढली. बातमी पसरली तशी फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या शल्यविशारदांनीही सुऱ्या उचलल्या. लंडनमध्ये जेम्स यियर्सली टॉन्सिल आणि पडजीभ कापून तोतरेपणा बरा करण्याचा दावा करत होता.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर खरंच काही काळ सुरळीत बोलायचे. याचं कारण आज सांगता येतं. बोलण्याची नेहमीची पद्धत कुठल्याही कारणाने बदलली, की तोतरेपणा तात्पुरता कमी होतो. कुजबुजत बोला, वेगळ्या ढंगात बोला, तालावर बोला, फरक पडतो. सुजलेल्या, टाके घातलेल्या जिभेने माणूस वेगळंच बोलणार. जखम भरली, बोलणं पूर्ववत झालं, आणि तोतरेपणा परत आला. वर्षभराच्या आत ही लाट ओसरली.

जीभ दोषी नाही हे समजायला खरं तर सुरीची गरजच नव्हती. गणपतीत मी आरतीला उभी राहते तेव्हा एकदाही अडखळत नाही. वर्गात सगळ्यांबरोबर पाढे म्हणताना कधी अडखळले नाही. तोतरं बोलणारे जवळजवळ सगळेच गाताना आणि समूहात म्हणताना सुरळीत असतात. जीभ तर तीच असते. हे निरीक्षण कुठल्याही शाळामास्तरला करता आलं असतं. पण त्यासाठी त्या मुलाकडे बघावं लागतं, फक्त त्याच्या तोंडाकडे बघून चालत नाही.

दुसरा आरोपी: सवय, आणि मग डावा हात

सुरीला विरोध करणारे लोक होते. इंग्लंडमध्ये टॉमस हंट आणि त्यानंतर त्याचा मुलगा जेम्स हंट हे तोतरेपणावर शस्त्राशिवाय, सरावाने उपचार करायचे. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड' लिहिणारा लुईस कॅरल, म्हणजे गणिताचा प्राध्यापक चार्ल्स डॉजसन, हा जेम्स हंटकडे जायचा. डॉजसन १८६१ मध्ये डीकन झाला, पण पूर्ण धर्मगुरूची दीक्षा त्याने कधीच घेतली नाही. त्यामागच्या कारणांमध्ये त्याचं अडखळणंही सांगितलं जातं.

हंट पितापुत्रांचं म्हणणं होतं की वाणीचे अवयव निरोगी आहेत, फक्त ते वापरायची पद्धत चुकली आहे. जिभेच्या तुलनेत ही मोठी प्रगती होती. पण यातून एक नवी अडचण निघाली. सवय असेल तर ती मोडता यायला हवी. मोडता आली नाही, तर माणूस पुरेसा प्रयत्न करत नाही. 'डेमोस्थेनिसने करून दाखवलं, तुला का नाही जमत?' हा प्रश्न इथूनच येतो. जीभ सुटली आणि माणसाची इच्छाशक्ती पिंजऱ्यात उभी राहिली.

विसाव्या शतकात राजालाही या पिंजऱ्यातून सुटका नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२५ ला वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपात ड्यूक ऑफ यॉर्कचं भाषण झालं आणि ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना दोघांनाही जड गेलं. पुढच्या वर्षी तो लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाचाउपचारकाकडे गेला. हाच पुढे सहावा जॉर्ज झाला. 'द किंग्ज स्पीच' हा २०१० चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. तो लिहिणारे डेव्हिड साइडलर लहानपणी स्वतः तोतरं बोलायचे. या राजाबद्दल त्याचे चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात: तो मुळात डावखुरा होता आणि त्याला उजव्या हाताने लिहायला भाग पाडलं होतं.

डाव्या हाताचा उल्लेख उगाच केला नाही. त्याच सुमारास अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात, सॅम्युअल ऑर्टन आणि ली ट्रॅव्हिस हे संशोधक म्हणत होते की मेंदूच्या दोन अर्धांपैकी एक वरचढ असावा लागतो. डावखुऱ्या मुलाला जबरदस्तीने उजव्या हाताने लिहायला लावलं की दोन्ही बाजूंत रस्सीखेच सुरू होते आणि वाणी अडखळते. मग रुग्णांचे उजवे हात प्लास्टरमध्ये घातले गेले, म्हणजे डावा वापरावा लागेल. आपल्या शाळांत डाव्या हातावर पट्टी मारणारे मास्तर आणि आयोवातलं उजव्या हाताचं प्लास्टर, दोन्हीकडे शेवटी हात मुलाचाच. हा सिद्धांतही टिकला नाही. पण पट्टीऐवजी मेंदूकडे बघायला त्याने सुरुवात केली, हे मान्य करायला हवं.

तिसरी आरोपी: आई

त्या प्लास्टरवाल्या रुग्णांमध्ये एक होता वेंडेल जॉन्सन. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून तोतरा. बरा होण्यासाठी तो १९२६ मध्ये आयोवाला आला, राहिला, पीएचडी केली आणि पुढे या विषयातला अमेरिकेतला सगळ्यात वजनदार माणूस झाला. हे मला विशेष वाटतं, कारण आता अभ्यास करणारा स्वतः अडखळणारा होता. आपलं दुःख त्याला आतून माहीत होतं. तरीही पुढे जे झालं ते झालं.

जॉन्सनचं म्हणणं असं. सगळीच लहान मुलं बोलायला शिकताना अडखळतात. एखाद्या घरात आईबाप त्याचा बाऊ करतात, 'हा तोतरा बोलतो' असं म्हणतात. मूल घाबरतं, न अडखळण्याचा प्रयत्न करतं, आणि त्या प्रयत्नातूनच तोतरेपणा जन्मतो. म्हणजे आजार मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, पालकाच्या कानात सुरू होतो.

हे तपासण्यासाठी १९३९ च्या जानेवारीपासून मेपर्यंत त्याची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिने एमएसाठी प्रयोग केला. जागा: आयोवातल्या डॅव्हनपोर्टचं सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी काढलेलं अनाथालय. मुलं २२. त्यातली दहा तोतरी म्हणून ओळखली जाणारी, बारा सुरळीत बोलणारी. या बारांपैकी सहा जणांना सांगण्यात आलं की तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणं दिसतायत, ती लगेच थांबवा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. अनाथालयातल्या शिक्षकांनाही या मुलांच्या चुका दाखवत राहायला सांगितलं होतं. मुलांना किंवा शिक्षकांना हा प्रयोग आहे याची कल्पना नव्हती.

ती सहा मुलं गप्प होत गेली. वर्गात बोलेनाशी झाली, बोलताना तोंडावर हात ठेवू लागली, अभ्यासात मागे पडली. ट्यूडर नंतर परत जाऊन त्यांना सावरायचा प्रयत्न करत राहिली. जॉन्सनने हे निष्कर्ष कधीच छापले नाहीत. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. जाणकारांमध्ये त्याला नाव पडलं 'मॉन्स्टर स्टडी', राक्षसी प्रयोग. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे मर्क्युरी न्यूजने तो उजेडात आणला. विद्यापीठाने माफी मागितली. २००७ मध्ये आयोवा राज्याने त्या मुलांपैकी हयात असलेल्यांना आणि इतरांच्या वारसांना ९,२५,००० डॉलर द्यायचं मान्य केलं. तोवर ती मुलं सत्तरी-ऐंशीत पोहोचली होती.

या प्रयोगाबद्दल इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की 'चांगल्या बोलणाऱ्या मुलांना तोतरं बनवलं'. २००२ मध्ये निकोलीन अ‍ॅम्ब्रोज आणि एहुद याइरी यांनी ट्यूडरची मूळ आकडेवारी पुन्हा तपासली. त्यांना त्यात तोतरेपणा निर्माण झाल्याचा पुरावा सापडला नाही. म्हणजे नाव ठेवल्याने मुलं तोतरी झाली नाहीत. ती मुकी झाली. बोलता येत असून न बोलणारी झाली. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोतरेपणा आणि तोतरेपणाची लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली नसतानाही दुसरी तयार करता येते, हे त्या अनाथालयात सिद्ध झालं.

जॉन्सनला मात्र आपला सिद्धांत सोडवेना. १९४० च्या दशकात त्याने तोतऱ्या मुलाच्या आईला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलं. आईला, बापाला नव्हे. १९४४ मध्ये त्याने असंही मांडलं की अमेरिकेतल्या काही मूलनिवासी जमातींच्या भाषेत तोतरेपणाला शब्दच नाही, म्हणून त्यांच्यात तोतरे लोकही नाहीत. नंतरच्या संशोधकांनी त्याच लोकांकडे जाऊन विचारलं, तेव्हा शब्दही सापडले आणि तोतरं बोलणारी माणसंही. पण तोवर पालकांना एकच सल्ला मिळत राहिला: लक्षच देऊ नका, बोलू नका, तुमच्यामुळेच होतंय. कितीतरी घरांत मूल अडखळतंय हे सगळ्यांना ऐकू येत होतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मुलाने त्याचा काय अर्थ लावला असेल? ज्याबद्दल बोलतही नाहीत, अशी काहीतरी भयंकर गोष्ट आपल्याला झालीय.

चौथा आरोपी: जनुक

आता पुन्हा माझ्या पेपरकडे येते. २०१० च्या त्या अभ्यासात जीएनपीटॅबसोबत जीएनपीटीजी आणि नागपा ही आणखी दोन जनुकं सापडली. तिन्ही त्याच पिनकोडच्या कामातली. २०१६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांमध्ये हाच जीएनपीटॅबचा बदल घडवण्यात आला, तेव्हा पिल्लांच्या चीत्कारांमधले विराम लांबलेले आढळले. उंदीर तोतरे झाले असं म्हणणं बालिश होईल, पण आवाजाच्या ओघात काहीतरी बदललं हे खरं. ही जनुकं तोतऱ्या लोकांपैकी अगदी थोड्यांमध्येच आढळतात. २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर एक मोठा अभ्यास नेचर जेनेटिक्समध्ये आला. त्यात तोतरेपणाशी संबंध असलेल्या ५७ जागा सापडल्या. म्हणजे 'तोतरेपणाचं जनुक' असं एक काही नाही. अनेक छोटे बदल, मेंदूची जडणघडण आणि वाढीचं वय यांचा तो एकत्रित परिणाम आहे. सुमारे वीसातलं एक मूल केव्हा ना केव्हा तोतरं बोलतं, त्यातली बहुतेक मोठी होता होता सुटतात, आणि प्रौढांत साधारण शंभरात एक जण उरतो. उरलेल्यांत पुरुष बायकांच्या कितीतरी पट जास्त.

मी हे सगळं उत्साहाने आईला समजावून सांगितलं. तिला इतकी वर्षं वाटायचं की मला तिसऱ्या वर्षीच इंग्रजी शाळेत घातलं म्हणून हे झालं. तिने तसं मला कधी सांगितलं नव्हतं, त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मी म्हटलं, "आई, शाळेचा काही संबंध नाही. हे बऱ्याच अंशी जनुकांतून येतं."

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्याकडूनच आलं ना?"

रात्री जेवताना घरात खटला उभा राहिला. बाबांचे एक काका अडखळायचे, हे आजीने आठवून सांगितलं. आईचा चेहरा जरा सैल झाला, बाबांचा पडला. मी वरण-भात खात बघत होते. ज्या शास्त्राने आईला सोडवायचं, त्यानेच तिला पुन्हा पिंजऱ्यात नेलं होतं, कारण प्रश्न तोच राहिला होता. आणि तो प्रश्न घरापुरता राहत नाही. आता माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झालीय. मावशी फोनवर सांगते, "मुलगी शांत आहे, फार बोलत नाही." मी लॅबमध्ये दिवसभर बडबडत असते. पण 'शांत' हा शब्द सोयीचा आहे. उद्या जनुकाचं कळलं तर समोरचे पुढचं विचारतील: मुलांना होईल का? होऊ शकतं. मग?

मग काय करायचं?

जोसेफ शीहन हे मानसशास्त्रज्ञ, स्वतः तोतरे, यांनी १९७० मध्ये हिमनगाची उपमा दिली. ऐकू येणारं अडखळणं हे पाण्यावरचं टोक. खाली त्याहून कितीतरी मोठा भाग: लाज, भीती, शब्द टाळणं, फोन न उचलणं, हॉटेलात जे हवं ते न मागवता जे म्हणता येईल ते मागवणं. कॅन्टीनमध्ये मी कित्येक वर्षं 'पोहे'च खाल्ले, कारण 'मिसळ'चा 'म' निघायचा नाही. इतिहासातल्या सगळ्या सुऱ्या, प्लास्टर आणि पत्रं त्या टोकावर चालवली गेली, आणि खालचा भाग वाढत राहिला.

आज परिस्थिती जरा वेगळी आहे. लहान मुलांसाठी सिडनीत विकसित झालेल्या लिडकम उपचारात पालकच रोज घरी मुलाबरोबर काम करतात. सुरळीत बोलल्यावर कौतुक करतात, आणि अधूनमधून अडखळलेलं हळुवारपणे दाखवतातही. २००५ मध्ये बीएमजेमध्ये आलेल्या चाचणीत याचा चांगला परिणाम दिसला. जॉन्सनच्या हिशेबाने या मुलांचं बोलणं बिघडायला हवं होतं. झालं उलट. जिला इतकी वर्षं दोषी ठरवलं, तीच आई आता उपचार करते. म्हणून तुमच्या घरात तीन-चार वर्षांचं मूल अडखळत असेल, तर गप्प बसू नका आणि वेखंडही शोधू नका. वाचाउपचारकाला, म्हणजे स्पीच थेरपिस्टला भेटा. मोठ्यांसाठी दि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनसारख्या संस्थांचे स्वमदत गट आहेत. तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती न अडखळण्याची नाही, लपवणं सोडण्याची.

आणि तुम्ही ऐकणारे असाल तर? माझा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. तो बहुतेक वेळा चुकतो, आणि मला मग दोन शब्द बोलावे लागतात. 'शांतपणे बोल', 'श्वास घे' म्हणू नका, श्वास चालूच असतो. मोबाईलकडे बघू नका. थांबा, इतकंच. एखादा शब्द अडला तरी सहसा काही सेकंदांत निघतो. तुम्हाला ते जास्त वाटतात, मलाही.

येत्या महिन्यात माझं प्री-सिनॉप्सिस सेमिनार आहे. मागच्या वर्षीच्या प्रेझेंटेशनला मी आठ ठिकाणी सोपे शब्द घातले होते. 'म्यूकोलिपिडोसिस'ऐवजी 'हा आजार' म्हणत राहिले, आणि एका परीक्षकाने शेरा मारला की उमेदवाराला संज्ञांची नीट माहिती दिसत नाही. माहिती होती. 'म' निघत नव्हता. या वेळी पहिल्या स्लाइडच्या आधी मी सांगणार आहे की मी तोतरं बोलते, काही शब्दांना वेळ लागेल. मग म्यूकोलिपिडोसिस म्हणणार आहे, जितका वेळ लागेल तितका घेऊन. आई येते म्हणालीय. शेवटच्या रांगेत बस असं सांगितलंय तिला. ती पहिल्याच रांगेत बसणार, हे मला माहीत आहे.